एडब्ल्यूएसवर स्क्रिप्टने लावलेले टॅग पुन्हा पुन्हा गायब होतात: शोधायचं कुठे आणि बदलायचं काय

एडब्ल्यूएस म्हणजे अमेझॉनचं क्लाउड. तिथल्या सर्व्हर, डिस्क अशा प्रत्येक वस्तूला (रिसोर्सला) 'की' (नाव) आणि 'व्हॅल्यू' (मजकूर) अशी जी चिठ्ठी लावतात ती म्हणजे टॅग, आणि तिच्यावरून खर्च कुणाचा ते ठरतं. लक्षण साधारण असं असतं. महिन्याच्या सुरुवातीला फायनान्सकडून एक्सेल येते आणि त्यात 'टॅग नसलेला खर्च' हा रकाना फुगलेला असतो. कुणीतरी बोटो३ (एडब्ल्यूएसशी बोलणारी पायथन लायब्ररी) वापरून पायथनची स्क्रिप्ट लिहितं, सगळ्या इन्स्टन्सना (सर्व्हर), व्हॉल्यूमना (त्यांच्या डिस्क), बकेटना (फाइली ठेवायच्या जागा) 'प्रोजेक्ट' आणि 'ओनर' असे टॅग लावतं आणि तिकीट बंद करतं. पुढच्या महिन्यात तोच रकाना परत भरलेला. मग ती स्क्रिप्ट क्रॉनवर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) जाते आणि रोज रात्री चालायला लागते. तरीही रकाना पुरता रिकामा होत नाही, आणि आता मूळ कारण शोधणंही अवघड होऊन बसतं, कारण पुरावा रोज रात्री पुसला जातो.

म्हणून पहिली गोष्ट: तो क्रॉन निदान दोन-तीन दिवस थांबवा.

आपण सवयीने 'टॅग उडाले' म्हणतो. पण लावलेला टॅग आपोआप झडत नाही. जिथे जिथे टॅग उडाल्यासारखा दिसतो तिथे तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर ज्याच्यावर टॅग होता ती वस्तूच जाऊन तिच्या जागी नवी आलेली असते. किंवा दुसऱ्या कुणीतरी टॅगची यादी परत लिहिलेली असते. किंवा टॅग मुळात लागलाच नव्हता आणि स्क्रिप्टने ते सांगितलं नव्हतं. तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. आधी कुठली भानगड आहे ते ठरवा, मग कोडला हात लावा.

आधी आयडी जुळवा

आज टॅग लावल्यानंतर लगेच त्या रिसोर्सचे आयडी आणि टॅग एका फाइलीत उतरवून ठेवा. टॅग गायब झाल्याची पुढची तक्रार आली की तीच यादी परत काढा आणि दोन्ही फाइलींची तुलना करा. अवघड काही नाही, दोन फाइलींतला फरक दाखवणारा डिफ पुरतो.

जुने आयडी नव्या यादीत नाहीतच आणि त्यांच्या जागी वेगळे आयडी आलेत, तर वस्तू बदलली. आयडी तोच आहे पण टॅग नाही, तर कुणीतरी काढला किंवा वरून लिहिला. आयडी तोच आहे आणि पहिल्या फाइलीतही टॅग नव्हता, तर तो लागलाच नव्हता.

इथे एक चकवा आहे. बरेच जण इन्स्टन्सची 'लाँच टाइम' बघून नवा-जुना ठरवतात. इन्स्टन्स बंद करून परत चालू केला की ती वेळ बदलते, आयडी मात्र तोच राहतो. रात्री बंद आणि सकाळी चालू होणारे डेव्ह सर्व्हर असले की या वेळेवरून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो. आयडीवरच विश्वास ठेवा.

आयडी बदललाय: टॅग जन्माच्या वेळी लावा

माझ्या पाहण्यात बहुतेक प्रकरणं याच गटातली निघतात, आणि त्यातली बरीचशी ऑटो स्केलिंगची. ऑटो स्केलिंग गट (गरजेप्रमाणे इन्स्टन्सची संख्या कमी-जास्त करणारी सोय) इन्स्टन्स मारतो, नवा आणतो. तुमच्या स्क्रिप्टने टॅग लावला होता तो मेलेल्यावर.

गटावर टॅग लावला की काम झालं असं वाटतं. पण ऑटो स्केलिंग गटाच्या प्रत्येक टॅगसोबत 'प्रोपगेट अ‍ॅट लाँच' असा हो-नाहीचा पर्याय असतो. तो 'नाही' असेल तर टॅग गटापाशीच राहतो, इन्स्टन्सवर उतरत नाही. 'हो' असेल तरी तो इथून पुढे येणाऱ्या इन्स्टन्सना मिळतो. आत्ता चालू असलेल्यांना नाही. आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट ही, की 'हो' असला तरी तो इन्स्टन्सला जोडलेल्या ईबीएस (एडब्ल्यूएसची डिस्कची सर्व्हिस) व्हॉल्यूमपर्यंत पोचत नाही. इन्स्टन्स टॅगवाले, डिस्क बिनटॅगच्या, आणि बिलात ईबीएसची ओळ अनाथ.

व्हॉल्यूमसाठी लाँच टेम्प्लेटमध्येच (नवा इन्स्टन्स कसा बनवायचा त्याचा साचा) 'टॅग स्पेसिफिकेशन्स' द्यावे लागतात, तेही प्रत्येक रिसोर्स प्रकारासाठी वेगळे: इन्स्टन्ससाठी एक नोंद, व्हॉल्यूमसाठी दुसरी, नेटवर्क इंटरफेससाठी तिसरी. एका नोंदीत सगळं बसत नाही. इन्स्टन्स बनवायचा रन-इन्स्टन्सेस कॉल थेट करत असाल तर तिथेही हाच पॅरामीटर आहे आणि हाच नियम. इन्स्टन्सला टॅग दिला म्हणून त्याची डिस्क आपोआप टॅग होते हा गैरसमज इतका पक्का आहे, की कोड रिव्ह्यूमध्येही तो सहज निसटतो.

टेम्प्लेटला टॅग जोडून नवी आवृत्ती काढलीत तरी गट तिकडे बघतोय का ते तपासा. गटाला आवृत्तीचा ठराविक आकडा दिलेला असेल, समजा ७, तर तुम्ही ८ वी आवृत्ती काढल्याने त्याला काहीच फरक पडत नाही. गटाला 'लेटेस्ट' किंवा 'डीफॉल्ट' दाखवा (डीफॉल्ट दाखवत असाल तर नवी आवृत्ती डीफॉल्ट करायलाही विसरू नका), आणि चालू इन्स्टन्स बदलायचे असतील तर 'इन्स्टन्स रिफ्रेश' (जुने काढून नवे आणणं) चालवा. एकच की टेम्प्लेटमध्येही आहे आणि गटाच्या टॅगमध्येही आहे, तर इन्स्टन्सवर गटाची व्हॅल्यू चालते. टेम्प्लेटमध्ये व्हॅल्यू बदलूनही जुनीच दिसत असेल तर कारण इथे सापडेल.

क्युबरनेटीस (कंटेनर चालवणारी प्रणाली) वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी आणखी गुंतलेली. ईकेएस (एडब्ल्यूएसची क्युबरनेटीस सर्व्हिस) क्लस्टरला लावलेला टॅग क्लस्टरपुरता. मॅनेज्ड नोड गटाला (नोड म्हणजे क्लस्टरमधले सर्व्हर) लावलेला टॅग त्या नोड गटापुरता. तो खालच्या ईसी२ (एडब्ल्यूएसची सर्व्हरची सर्व्हिस) इन्स्टन्सवर उतरत नाही. नोड टॅग करायचे तर परत लाँच टेम्प्लेटच. आणि पॉडने (एकत्र चालणारे कंटेनर) मागितलेल्या डिस्क, म्हणजे पर्सिस्टंट व्हॉल्यूम, त्या तर ना नोडच्या ना टेम्प्लेटच्या. त्या ईबीएस सीएसआय ड्रायव्हर बनवतो. त्यामुळे त्यांचे टॅग ड्रायव्हरच्या 'एक्स्ट्रा टॅग्ज' सेटिंगमध्ये किंवा स्टोरेज क्लासच्या पॅरामीटरमध्ये द्यावे लागतात. एकाच क्लस्टरचा खर्च तीन वेगळ्या ठिकाणांहून टॅग होतो हे एकदा डोक्यात बसलं, की निम्मं शोधकाम वाचतं.

ईसीएसमध्ये (एडब्ल्यूएसची स्वतःची कंटेनर सर्व्हिस) सर्व्हिसला 'प्रोपगेट टॅग्ज' सांगावं लागतं, नाहीतर टास्कवर काही येत नाही. क्लाउडफॉर्मेशनमध्ये (टेम्प्लेटवरून रिसोर्सचा संच, म्हणजे स्टॅक, बनवणारी सर्व्हिस) स्टॅकचे टॅग खालच्या रिसोर्सवर उतरतात, पण ब्लॉक डिव्हाइस मॅपिंगमधून (इन्स्टन्सच्या डिस्कची यादी) तयार झालेल्या ईबीएस व्हॉल्यूमवर नाही. पुन्हा डिस्कच.

आयडी तोच, टॅग नाही: कुणी लिहिलं ते क्लाउडट्रेलला विचारा

क्लाउडट्रेलच्या (कुणी कुठला कॉल केला त्याची नोंद ठेवणारी सर्व्हिस) इव्हेंट हिस्टरीत मागच्या ९० दिवसांच्या मॅनेजमेंट इव्हेंट बघायला मिळतात, त्यासाठी वेगळा ट्रेल काढायची गरज नाही. 'लुकअप-इव्हेंट्स' कॉलला एका वेळी एकच निकष देता येतो, त्यामुळे एकदा इव्हेंटचं नाव 'डिलीट-टॅग्ज' देऊन शोधा, मग 'क्रिएट-टॅग्ज' देऊन. मिळालेल्या जेसनमध्ये (डेटाचा मजकूर) तीन गोष्टी वाचा: 'युजर आयडेंटिटी'मध्ये कुठला रोल (परवानग्या असलेली ओळख) आहे, 'युजर एजंट'मध्ये (कॉल करणाऱ्या साधनाचं नाव) काय लिहिलंय, आणि 'रिक्वेस्ट पॅरामीटर्स'मध्ये कुठले टॅग आहेत. युजर एजंट फार बोलका असतो. तिथे टेराफॉर्म (कोडवरून क्लाउड उभारणारं साधन) असं दिसलं की पुढची चर्चा कुणाशी करायची ते कळतं.

टेराफॉर्म हा नेहमीचा संशयित, आणि त्यात त्याचा दोष काही नाही. त्याच्या कोडमध्ये जे टॅग लिहिलेत तेच खरे, बाकीचे उपरे, हाच त्याचा धर्म. तुमच्या स्क्रिप्टने रात्री 'ओनर' लावला, सकाळी पाइपलाइनचा अप्लाय (कोड क्लाउडवर लागू करणं) झाला, 'ओनर' गेला. रात्री परत लावला, सकाळी परत गेला. प्लॅनमध्ये (अप्लायच्या आधी दिसणारी बदलांची यादी) ती ओळ उणे चिन्हासकट दिसत असते. दोनशे ओळींच्या प्लॅनमध्ये ती कुणी वाचत नाही एवढंच.

इथे ठरवायचं ते एकच: त्या टॅगचा मालक कोण? खर्चाचे टॅग टेराफॉर्मकडे द्यायचे असतील तर प्रोव्हायडरच्या (टेराफॉर्मचा एडब्ल्यूएसशी बोलणारा भाग) 'डीफॉल्ट टॅग्ज'मध्ये लिहा आणि स्क्रिप्टमधून काढून टाका. बाहेरचंच एखादं साधन लावणार असेल (बॅकअपची साधनं स्वतःचे टॅग लावतात, स्कॅनर लावतात) तर प्रोव्हायडरच्या 'इग्नोर टॅग्ज'मध्ये त्या कीज किंवा त्यांचा उपसर्ग द्या, म्हणजे टेराफॉर्म त्यांना हात लावणार नाही. एका कीचे दोन मालक ठेवू नका. आणि 'डीफॉल्ट टॅग्ज' लिहिले म्हणजे सगळं झालं असंही नाही: ऑटो स्केलिंग गट हा रिसोर्स त्याला अपवाद आहे, त्याचे टॅग त्याच्याच ब्लॉकमध्ये वेगळे लिहावे लागतात.

आता एस३, म्हणजे बकेटची सर्व्हिस. इथली गडबड बहुतेक वेळा आपल्याच स्क्रिप्टची असते. ईसी२चा 'क्रिएट-टॅग्ज' आहे त्यात भर घालतो; की नवी असेल तर जोडतो, जुनी असेल तर व्हॅल्यू बदलतो, बाकीच्यांना शिवत नाही. एस३चा 'पुट-बकेट-टॅगिंग' तसा नाही. तो अख्खी यादी बदलतो. बकेटवर 'प्रोजेक्ट', 'ओनर', 'डेटा-क्लास' असे तीन टॅग आहेत आणि तुम्ही फक्त 'कॉस्ट-सेंटर' पाठवलात, तर कॉल यशस्वी होतो आणि बकेटवर 'कॉस्ट-सेंटर' एवढाच टॅग उरतो. क्लाउडट्रेलमध्ये 'डिलीट' शोधणाऱ्याला काहीही सापडत नाही, कारण कुणी काही डिलीट केलंच नाही. 'पुट-बकेट-टॅगिंग' या नावाने शोधलं तर दिसतं.

योग्य क्रम असा: आधी 'गेट-बकेट-टॅगिंग'ने आहेत ते टॅग आणायचे, त्यात आपले मिसळायचे, मग पूर्ण यादी परत लिहायची. ज्या बकेटवर एकही टॅग नाही तिथे हा 'गेट' रिकामी यादी देत नाही, 'नो-सच-टॅग-सेट' अशी एरर देतो. ती पकडा आणि रिकाम्या यादीपासून सुरुवात करा. पण फक्त तीच एरर पकडा. कोडमध्ये सरसकट 'एक्सेप्ट' टाकून कुठल्याही चुकीला रिकामी यादी मानलं, तर वाचायची परवानगी नसलेल्या बकेटवरही स्क्रिप्ट 'टॅग नाहीत' असं समजून आहेत ते पुसून टाकेल. लिहायची परवानगी आहे पण वाचायची नाही, असे रोल मी प्रत्यक्ष पाहिलेत. हा मिसळण्याचा प्रकार दोन स्क्रिप्ट एकाच वेळी करत असतील तर मागून लिहिणारा जिंकतो. म्हणून बकेटचे टॅग लिहिणारं ठिकाण एकच ठेवा.

ऑब्जेक्टचे (बकेटमधल्या फाइलीचे) टॅग हे आणखी वेगळं प्रकरण: एका ऑब्जेक्टला फक्त १० टॅग, बकेटला मात्र ५०, आणि ऑब्जेक्टचा 'पुट'सुद्धा अख्खी यादीच बदलतो.

ही पुसण्याची तऱ्हा एडब्ल्यूएसपुरती नाही, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही आहे. अ‍ॅझ्युरच्या कमांड लाइनवर 'टॅग क्रिएट' हा आधीचे सगळे टॅग बदलतो; भर घालायची असेल तर 'टॅग अपडेट' आणि त्यात 'मर्ज' हा पर्याय लागतो. शिवाय अ‍ॅझ्युरमध्ये रिसोर्स गटाचे टॅग आतल्या रिसोर्सना आपोआप मिळत नाहीत. गुगल क्लाउडमध्ये कॉम्प्युट इंजिनचे लेबल (तिथले टॅग) लिहिताना आधी वाचलेला 'लेबल फिंगरप्रिंट' सोबत द्यावा लागतो. मधल्या काळात दुसऱ्या कुणी लेबल बदललं असेल तर तुमचा कॉल नाकारला जातो. कटकट वाटते, पण एस३मध्ये असं काही असतं तर बरं झालं असतं.

टॅग लागलाच नव्हता: २०० ओके म्हणजे ओके नव्हे

अनेक सर्व्हिसना एकाच कॉलने टॅग लावायचे म्हणून लोक 'रिसोर्स ग्रुप्स टॅगिंग एपीआय'कडे वळतात. चांगला आहे, पण त्याचं उत्तर नीट वाचावं लागतं. 'टॅग-रिसोर्सेस'ला एका वेळी जास्तीत जास्त २० एआरएन (रिसोर्सची पूर्ण ओळख) देता येतात. त्यातल्या पाचांवर टॅग लागला नाही तरी कॉल २०० (यशाचा कोड) घेऊनच परततो, बोटो३ कुठलंही एक्सेप्शन फेकत नाही. न लागलेल्यांची यादी उत्तरातल्या 'फेल्ड रिसोर्सेस मॅप'मध्ये असते, प्रत्येक एआरएनसमोर एरर कोड आणि संदेश. ती न वाचणारी स्क्रिप्ट कायम हिरवीच दिसणार. हा मॅप रिकामा नसेल तर स्क्रिप्टने शून्याखेरीज एक्झिट कोड, म्हणजे अपयशाचा कोड, द्यायला हवा. ही एक ओळ घातली की पुढच्या महिन्याचे अर्धे वाद मिटतात.

यात न लागण्याचं नेहमीचं कारण परवानगी. या एपीआयला दोन पातळ्यांवर परवानगी लागते: त्याची स्वतःची, आणि ज्या सर्व्हिसचा रिसोर्स आहे तिचीही. 'टॅग-रिसोर्सेस'ची परवानगी आहे पण ईसी२ची 'क्रिएट-टॅग्ज' नाही, तर ईसी२चे रिसोर्स मॅपमध्ये पडतात आणि लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सर्व्हिस) वगैरे पार होतात. म्हणून 'काहींना लागतो, काहींना नाही' असं दिसतं.

ईसी२मधली आणखी एक गंमत: लाँच करताना टॅग लागतात, पण चालू इन्स्टन्सला लावायला गेलं की 'अनऑथराइज्ड ऑपरेशन'. पॉलिसीत 'क्रिएट-टॅग्ज'वर 'ईसी२ क्रिएट-अ‍ॅक्शन' अशी अट घातलेली असते, म्हणजे फक्त रन-इन्स्टन्सेसच्या ओघात टॅग लावायला मुभा. कुणीतरी विचार करूनच घातलेली असते, कारण टॅगवरून परवानगी ठरत असेल तर कुणालाही टॅग बदलू देणं म्हणजे कुणालाही परवानगी देणं. तेव्हा ती अट काढायच्या आधी सुरक्षा टीमशी बोला. या एररसोबत एक लांबलचक गूढ मजकूर येतो. तो एसटीएस (तात्पुरती ओळख देणारी सर्व्हिस) हिच्या 'डिकोड-ऑथरायझेशन-मेसेज'ला दिला की कुठल्या विधानामुळे अडलं ते जेसनमध्ये कळतं. त्यात 'एक्स्प्लिसिट डिनाय' खरं असेल तर आपल्या रोलला आणखी परवानग्या चिकटवत बसू नका. कुठेतरी स्पष्ट मनाई लिहिलेली आहे, बहुधा ऑर्गनायझेशनच्या एससीपीमध्ये (सगळ्या अकाउंटवर मर्यादा घालणारा नियम), आणि तिच्यापुढे तुमची 'अलाऊ' चालत नाही.

आता सगळ्यात फसवी बाब. टॅग नसलेले रिसोर्स शोधायला लोक याच एपीआयचा 'गेट-रिसोर्सेस' चालवतात आणि टॅगची यादी रिकामी असलेले वेगळे काढतात. पण हा कॉल फक्त असेच रिसोर्स देतो ज्यांच्यावर आत्ता टॅग आहे किंवा पूर्वी कधीतरी होता. ज्याला जन्मात कधी टॅग लागला नाही, तो त्याच्या यादीतच येत नाही. म्हणजे ज्यांना शोधायचं तेच दिसत नाहीत, आणि अहवाल म्हणतो सगळं उत्तम. त्याऐवजी प्रत्येक सर्व्हिसचा स्वतःचा 'डिस्क्राइब' किंवा 'लिस्ट' कॉल वापरा, किंवा रिसोर्स एक्स्प्लोरर चालू करून त्यात 'टॅग: नन' असा शोध घ्या. एडब्ल्यूएस कॉन्फिग (रिसोर्स नियमात बसतात का ते तपासणारी सर्व्हिस) आधीपासून चालू असेल तर त्यातला 'रिक्वायर्ड टॅग्ज' हा तयार नियमही आहे. त्यात सहापर्यंत कीज देता येतात. फक्त टॅगसाठी कॉन्फिग चालू करणार असाल तर त्याचं बिल आधी मोजा.

रिजनचंही (डेटा सेंटरचा भौगोलिक विभाग) तसंच. हे कॉल रिजनपुरते असतात. स्क्रिप्ट मुंबई रिजनवर बेतलेली, आणि २०२२च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबाद रिजन सुरू झाल्यावर कुणीतरी डीआरची (आपत्तीत वापरायची) प्रत तिथे नेऊन ठेवलेली, असं चित्र भारतातल्या अकाउंटमध्ये सर्रास दिसतं. रिजनची यादी कोडमध्ये हाताने लिहू नका, 'डिस्क्राइब-रिजन्स'ने आणा. क्लाउडफ्रंट (मजकूर जगभर पोचवणारी) आणि रूट ५३ (डोमेनची नावं सांभाळणारी) यांसारख्या जागतिक सर्व्हिससाठी व्हर्जिनिया रिजनमधूनच विचारावं लागतं. आणि पॅजिनेटर (उत्तराची सगळी पानं एकामागून एक आणणारी सोय) वापरा. पहिलं पान वाचून थांबणारी स्क्रिप्ट छोट्या टेस्ट अकाउंटमध्ये नेहमीच बरोबर चालते.

थ्रॉटलिंगबद्दल (कॉलच्या वेगावरची मर्यादा) फार लिहिण्यासारखं नाही. हजारो कॉल एकदम सोडले की 'रिक्वेस्ट लिमिट एक्सीडेड' येणारच. बोटो३ची रिट्राय पद्धत 'स्टँडर्ड' किंवा 'अ‍ॅडॅप्टिव्ह' ठेवा, मधे थांबत चला. ईसी२च्या एका 'क्रिएट-टॅग्ज'मध्ये अनेक आयडी देता येतात, तेव्हा एकेक इन्स्टन्ससाठी एकेक कॉल कशाला? डायनॅमोडीबी या डेटाबेस सर्व्हिसचे टॅग कॉल मात्र अकाउंटमागे सेकंदाला पाचच चालतात, तिथे धीर धरा. नुकत्याच बनवलेल्या रिसोर्सला लगेच टॅग लावायला गेलात आणि 'नॉट फाउंड' आलं, तर ते एडब्ल्यूएसच्या आतला निरोप अजून सगळीकडे पोचला नाही म्हणून. बनवतानाच टॅग दिला की हा प्रश्नच उरत नाही.

टॅग पाठवायचा आकार सर्व्हिसगणिक बदलतो हेही लक्षात असू द्या. ईसी२ला 'की' आणि 'व्हॅल्यू' अशा जोड्यांची यादी लागते, लॅम्डाला सरळ मॅप, ईसीएसला त्याच जोड्या पण पहिलं अक्षर लहान, आणि केएमएसला (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी सर्व्हिस) 'टॅग-की', 'टॅग-व्हॅल्यू' अशी नावं. सगळ्यांसाठी एकच फंक्शन लिहिण्याचा मोह होतो. लिहा, पण आत प्रत्येक सर्व्हिससाठी छोटा रूपांतरक ठेवा.

टॅग आहे, पण रिपोर्टला तो सापडत नाही

कीज आणि व्हॅल्यू दोन्हींत लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. मोठ्या पीचा 'प्रोजेक्ट' आणि लहान पीचा 'प्रोजेक्ट' हे दोन वेगळे टॅग. एक्सेलमधून व्हॅल्यू कॉपी केल्या की शेवटी एखादी स्पेस चिकटून येते. डोळ्यांना दोन्ही 'प्रॉड' सारखेच, रिपोर्टमध्ये दोन ओळी. स्क्रिप्टमध्ये पाठवण्याआधी दोन्ही टोकांची स्पेस कापा आणि परवानगी असलेल्या व्हॅल्यूंची यादी तपासा. मर्यादा म्हणाल तर एका रिसोर्सवर ५० टॅग, की १२८ अक्षरांपर्यंत, व्हॅल्यू २५६ पर्यंत, आणि 'एडब्ल्यूएस' नंतर कोलन असा उपसर्ग एडब्ल्यूएससाठीच राखीव. त्यांचे स्वतःचे असले टॅग ५० मध्ये मोजत नाहीत.

मराठीत टॅग लिहायची हौस असेल त्यांच्यासाठी थोडं विषयांतर. ईसी२ कुठलंही अक्षर घेतं, त्यामुळे तिथे 'मुंबई' अशी व्हॅल्यू बिनदिक्कत बसते. पण सिस्टम्स मॅनेजरसारख्या सर्व्हिसच्या नियमात अक्षर, अंक, स्पेस आणि ठराविक चिन्हं एवढंच चालतं, आणि युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांची गणना 'अक्षर' या वर्गात होत नाही. त्या नियमात 'घर' बसतं, 'मुंबई' बसत नाही. एकच टॅग एका सर्व्हिसला चालतो आणि दुसरीकडे 'व्हॅलिडेशन' एरर येते, त्याचं कारण हे. टॅगसाठी रोमन अक्षरं, मराठी नाव हवंच असेल तर रिपोर्टच्या डॅशबोर्डवर.

स्पेलिंगला शिस्त लावायला ऑर्गनायझेशन्समध्ये (अनेक अकाउंट एकत्र सांभाळणारी सर्व्हिस) 'टॅग पॉलिसी' आहे. ती लहान-मोठी अक्षरं आणि मान्य व्हॅल्यू तपासते, सांगितलं तर चुकीची व्हॅल्यू अडवतेही. पण टॅग लावलाच नाही तर ती रिसोर्स बनवायला अडवत नाही. टॅगशिवाय बनूच द्यायचं नसेल तर एससीपीमध्ये 'रिक्वेस्ट टॅग' रिकामा असेल तर मनाई, अशी अट लिहावी लागते. ती थेट प्रॉडक्शनच्या अकाउंटवर लावू नका. आधी एका सँडबॉक्स (चाचणीच्या) अकाउंटवर लावून बघा, कारण टॅग न पाठवणाऱ्या सगळ्या जुन्या पाइपलाइन त्या दिवशी एकदम ओरडायला लागतात.

शेवटी बिल. रिसोर्सवर टॅग आहे एवढ्याने तो कॉस्ट एक्स्प्लोररमध्ये (एडब्ल्यूएसचा खर्च दाखवणारं साधन) येत नाही. मॅनेजमेंट अकाउंटमधून (ऑर्गनायझेशनचं मुख्य अकाउंट) ती की 'कॉस्ट अलोकेशन टॅग' म्हणून चालू करावी लागते. नवी की त्या यादीत दिसायलाच २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि चालू केल्यावर लागू व्हायला आणखी २४ तासांपर्यंत. एपीआयने करायचं तर 'अपडेट-कॉस्ट-अलोकेशन-टॅग्ज-स्टेटस'. आज लावलेला टॅग कालच्या खर्चावर जात नाही. महिन्याच्या २० तारखेला टॅग लावला तर आधीचे दिवस बिनटॅगचेच राहणार, त्यावर वाद घालून उपयोग नाही. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांपर्यंतची 'बॅकफिल' (जुन्या खर्चाला मागाहून टॅग जोडणं) मागता येते, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या: त्या वेळी रिसोर्सवर टॅग होता आणि की चालू केलेली नव्हती, तर तो खर्च आता टॅगसकट दिसेल. त्या वेळी टॅगच नव्हता, तर बॅकफिल काही शोधून काढत नाही. हे फायनान्सला आधीच सांगा, नाहीतर बॅकफिलनंतरही आकडा हलला नाही म्हणून परत तिकीट येईल.

आणि रकाना शून्यावर येणारच नाही. सपोर्टची फी, कर अशा ओळींना रिसोर्सच नसतो, मग टॅग कुठून असणार? त्या स्क्रिप्टच्या आवाक्यातल्या नाहीत. त्यांच्यासाठी बिलिंगमध्ये 'कॉस्ट कॅटेगरी' बनवा आणि तिच्यातला 'स्प्लिट चार्ज' नियम वापरून तो खर्च टीममध्ये वाटा: खर्चाच्या प्रमाणात, समसमान, किंवा ठरलेल्या टक्क्यांनी. प्रमाणात वाटलेला सहसा कुणाला खुपत नाही.